पट्टी सुटली तेव्हाचं पान

गुळगुळीत, जाड कागदाच्या नव्या पुस्तकाचा वास आला की मला सोलापुरातला तो डोळ्यांचा दवाखाना आठवतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा कॉलेजात होते. वडील चादरींचं सूत रंगवायचे. कारखान्यात रंगाचं उकळतं पाणी त्यांच्या डोळ्यांत उडालं होतं, आणि त्या दिवशी पट्टी सुटायची होती. बाहेर ऊन रणरणत होतं, आत खिडक्यांना जाड पडदे होते. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांकडे तिकडच्या एका नामवंत काच-कलावंताच्या कामावरची पुस्तकं होती. पेशंटला रंग दिसतात का, हे ते त्यांतली चित्रं दाखवून बघत. शेवटचा कापूस निघाला. डॉक्टरांनी पडदा जरासा सारला आणि मला पुस्तक उघडून धरायला सांगितलं. पानावर निळ्या काचेचा मोठा वाडगा होता. “मामा, काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं. आईनं माझा दंड गच्च धरला. “अहो, बोला की!” मग वडिलांचा हात पुढे आला, आणि ते चाचपडतायत असं मला वाटलं. पण बोट नेमकं वाडग्याच्या चकाकत्या कडेवर टेकलं. ते बोट त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. “आगं, पान कोरडंच हाय की! मला वाटलं, निळं पाणी सांडलंय.” आई रडू लागली. आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन अगदी साधं असतं, असं सगळे सांगतात. मी मान डोलावते, आणि कुणाच्या लक्षात येऊ न देता नातवंडांचे चेहरे नीट बघून घेते.