पाहुण्यांची ओळख करून देणारा माणूस

मोहन साळवे गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुजातानं, फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले. सकाळी, आंघोळीला जाताना." मी तेव्हा खरवईच्या नव्या फ्लॅटमध्ये पडद्याचा रॉड बसवणाऱ्या माणसाच्या मागे उभा होतो. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "कुणाकुणाला कळवलंय?" आयुष्यभर समित्यांचा सचिव राहिलेल्या माणसाची ही जीभ. ती पोर हळूच म्हणाली, "तुम्हालाच पहिल्यांदा." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवताना खिडकीशी जाऊन उभा राहतो, जेवताना मध्येच उठतो. बायको म्हणते, मित्र गेला की असं होतंच. तिला मी अजून सांगितलेलं नाही की हे दुःखाचं नाही... निदान नुसतं दुःखाचं नाही.

मोहन अंबरनाथला नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायचा. राहायला मोरिवलीत, कारखान्यांच्या भिंतीला लागून. मी उल्हासनगरच्या बी.एड. कॉलेजात प्राध्यापक. एरवी आमची गाठ पडायचं कारण नव्हतं, पण एका निवडणुकीत विठ्ठलवाडीच्या एका शाळेत आम्ही एकाच मतदान केंद्रावर ड्युटीला लागलो. चार अनोळखी सरकारी माणसं, चौघांचीही तोंडं उतरलेली. मोहननं चहा येईपर्यंत प्रत्येकाला काहीतरी विचारून घेतलं आणि चहा आल्यावर उभं राहून चौघांची एकमेकांशी ओळख करून दिली. माझ्याबद्दल म्हणाला, "हे सबनीस सर. हे उद्याचे शिक्षक तयार करतात, पण यांना स्वतःला वर्गाची भीती वाटते. पहिल्या तासाआधी यांचं पोट बिघडतं." हे मी त्याला दहा मिनिटांपूर्वी सहज बोलून गेलो होतो. सगळे हसले, मीही हसलो, आणि त्या दिवसापासून आम्ही अरेतुरेवर आलो.

पुढं कळलं की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुठंही व्याख्यान असो, जयंती असो, वाचनालयाचा कार्यक्रम असो, पाहुण्यांचा परिचय करून द्यायला साळवे सरांनाच बोलावतात. तो बायोडेटा वाचायचा नाही. पाहुण्याला आधी गाठायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : तुम्हाला पहिली अक्षरं कोणी शिकवली? त्या उत्तराभोवती तो परिचय रचायचा. 'ज्यांना परिचयाची गरज नाही' असं कुणी बोललं की तो माझ्या कानाशी लागायचा, "गरज नाही, तर हा उभा कशाला राहिला?" परिचय किती लांबीचा असावा याचं मापही त्याचं ठरलेलं होतं. घरी सराव करताना शोभावहिनी गॅसवर कुकर चढवायच्या आणि दुसऱ्या शिट्टीच्या आत त्याचं बोलणं संपलं पाहिजे असा नेम होता. दुसरी शिट्टी झाली तरी तो बोलतच असला की वहिनी आतून म्हणायच्या, "पाहुणे झोपले, बसा आता."

पाच वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजनं आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषद भरवायचं ठरवलं. मी संयोजक. आमच्यासारख्या कॉलेजला ही झेप मोठी होती. बाहेरच्या देशांतून तीन पाहुणे यायचे होते. मी कुणाला न विचारता परिचयांचं काम मोहनकडं दिलं. आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती त्याच्या चेहऱ्यावर, कारण बोलायचं होतं इंग्रजीतून. पण दुसऱ्याच दिवशी तो उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका सायबर कॅफेत जाऊन बसला. तिथले सिंधी मालक, गोपभाई, त्याला ई-मेल कसं पाठवायचं ते शिकवायचे आणि तो दारात दिसला की विचारायचे, "साईं, आज कौनसा मुलुक?" मोहन परिषदेच्या पत्त्यावरून पत्रं पाठवायचा, पण खाली सही स्वतःची करायचा. मोहन साळवे, प्राथमिक शिक्षक, अंबरनाथ.

दोन पाहुण्यांनी आपापले बायोडेटा पाठवून दिले. तिसऱ्या पाहुण्या केनियाच्या, साठीच्या पुढच्या, खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांना शिकवणाऱ्या. त्यांनी मात्र पानभर उत्तर लिहिलं. त्यांचे मामा घरांवर पत्रे बसवायचे. प्रत्येक पत्र्यावर कारखान्याचा शिक्का असायचा. छप्पर झालं की मामा भाचीला खाली जमिनीवर उताणं झोपवायचे आणि काठीनं वरचं एकेक अक्षर दाखवायचे. त्यामुळं या बाईंना कितीतरी दिवस वाटत होतं की अक्षरं आकाशाच्या बाजूलाच असतात. मोहननं ते पत्र छापून आणलं, तेव्हा मी त्याच्या घरी होतो. त्यानं ते वाचून बाजूला ठेवलं. चटईवर आडवा झाला आणि स्वतःच्या घराच्या पत्र्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्यावर पण आहे बघ शिक्का. एवढ्या वर्षांत मी वर बघितलंच नव्हतं."

त्यानं परिचय मराठीत लिहिला, आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत उतरवला, आणि महिनाभर मी त्याच्याकडून तो घोटून घेतला. काही शब्द त्याच्या जिभेला अडायचे. तो ते शब्द बदलू द्यायचा नाही. शाळेत जाता-येता पुटपुटायचा. वहिनी म्हणायच्या, रात्री डाळ वाढली तर थँक्यू म्हणतात. शेवटच्या आठवड्यात तो असं काही बोलायला लागला की मला वाटलं, माणसांनी खचाखच भरलेल्या हॉलमध्ये हा सगळ्यांना एकदम वर बघायला लावणार.

मग निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ आलं. आपल्याकडं कार्यक्रम एकीकडं आणि पत्रिकेवरची नावं एकीकडं, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी प्रूफवर बोट ठेवलं. 'परिचय : श्री. मोहन साळवे.' "हे कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "प्राथमिकचे मास्तर? इंटरनॅशनल परिषद आहे, सबनीस. बरं दिसणार नाही. तुम्हीच करा ना." मी एकदा तरी म्हणायला हवं होतं की याच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. मी म्हटलं, "बघतो सर." बरं न दिसण्याचं कारण त्याची नोकरी, त्याचं इंग्रजी, की त्याचं मोरिवली आणि आडनाव, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

मोहनला सांगायला मी परिषदेच्या आदल्या दिवशी गेलो. चार दिवस टाळत राहिलो होतो. शाळेच्या फाटकापाशी उभा राहून मी प्रोटोकॉल, विद्यापीठाचे नियम असं काहीबाही बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"मग हा लागेल तुला," तो म्हणाला. "पत्र्याच्या इथं थांब. लगेच पुढं जाऊ नको. लोकांना छप्पर दिसू दे."

माझं ठरलं होतं. शेवटी एक वाक्य म्हणायचं : हा परिचय माझे मित्र मोहन साळवे यांनी लिहिला आहे. त्याच्या कागदाच्या तळाशी मी ते पेन्सिलनं लिहूनही ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बोलायला उभा राहिलो. मोहन तिसऱ्या रांगेत टोकाला बसला होता, नवा शर्ट घालून. मी पत्र्यापाशी थांबलो. हॉल इतका शांत झाला की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मोहनचे ओठ हलत होते. तो माझ्याबरोबर प्रत्येक शब्द म्हणत होता, आणि मला त्या क्षणी... मला त्या क्षणी त्याचा राग आला. खरं सांगतो आहे. इतके लोक माझ्याकडं बघत होते आणि तो माझ्याकडं आपली वस्तू सांभाळायला दिल्यासारखा बघत होता. मी शेवटाला आलो, टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. केनियाच्या बाई डोळे पुसत होत्या. पेन्सिलचं वाक्य माझ्या समोर होतं. मी कागदाची घडी घातली आणि खाली बसलो.

एवढंच असतं तरी कदाचित मी स्वतःला समजावलं असतं. चहाच्या सुट्टीत बाई गर्दीतून माझ्याकडं आल्या. आम्हा समितीवाल्यांच्या छातीवर नुसता 'संयोजक' असा बिल्ला होता, नावं नव्हती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्हीच मिस्टर साळवे ना? मला ई-मेल लिहिणारे?"

आजूबाजूला गलका होता, पण मला नीट ऐकू आलं होतं. अध्यक्ष शेजारी होते. विद्यापीठाचे दोन जण होते. आणि बाईंच्या खांद्यामागं दोन पावलांवर मोहन होता. आपली ओळख होईल म्हणून पुढं आलेला, हात पुढं करायच्या बेतात.

मी म्हटलं, "यस. यस, मॅडम."

मोहननं हात खाली घेतला आणि टेबलावरची कपबशी उचलली, जणू तेवढ्यासाठीच तो आला होता.

त्यानं मला कधी जाब विचारला नाही. पुढच्या आठवड्यात नाक्यावर भेटला तेव्हा लांबूनच म्हणाला, "काय साळवे सर, बरं आहे ना?" मी हसलो. मग तो मला कायमच साळवे म्हणायला लागला. लोकांना वाटायचं, दोस्तांची जुनी गंमत आहे. "साळवे, चहा सांग." "साळवे, तुमचा चेहरा का उतरलाय?" पाच वर्षं. प्रत्येक वेळी तो मला दार उघडून देत होता, एकदाच आत ये आणि बोल. मी प्रत्येक वेळी हसून पुढं गेलो. सुजातानं नंतर सांगितलं, त्या सकाळी माझा नंबर शोधायला तिला वेळ लागला. बाबांनी तो 'साळवे दोन' म्हणून ठेवला होता. आणखी एक गोष्ट त्या परिषदेनंतर झाली. मोहननं परिचय करून देणं बंद केलं. घसा बसतो म्हणायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोरिवलीच्या बुद्धविहारात मला बोलायला सांगितलं. हुशार, मनमिळाऊ, हाडाचा शिक्षक असं मी बोललो. म्हणजे बायोडेटा वाचला. आठ दिवसांनी राहवेना म्हणून घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, भावजी. घरी आले, जेवले. म्हणाले, बाई रडली. मी म्हटलं, तुम्ही बोललात? तर म्हणाले, सबनीस बोलला, चांगला बोलला. मग म्हणाले, पण माझं नाव पण त्यालाच लागलं."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "मला सांगून तुमचं हलकं होईल. त्यांचं काय? ज्या बाईला खोटं सांगितलंत तिला सांगा. पेपरात लिहिता ना, तिथं लिहा. आणि शनिवारी त्यांच्या वर्गात जा. पोरं अजून ते करतात."

बाईंना मी त्याच संध्याकाळी ई-मेल केलं, चार ओळींचं. ते परत आलं. तो पत्ता आता चालू नाही. दुसरा शोधतो आहे. हा लेख लिहितो आहे. आणि गेल्या शनिवारी मी शाळेत गेलो.

मोहनच्या वर्गात शेवटच्या तासाला मुलं एकमेकांची ओळख करून देतात. एक जण दुसऱ्याला कोपऱ्यात नेऊन प्रश्न विचारतो, मग सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. नव्या बाईंनी हे बंद करायचा प्रयत्न केला, पण मुलं त्याशिवाय दप्तर भरायला तयार होईनात. पाहुणा आला तर त्याचीही ओळख. माझ्या वाट्याला प्रज्ञा नावाची मुलगी आली. वहीचं कोरं पान काढून तिनं नाव, गाव, काम लिहून घेतलं.

"आमच्या सरांचे कोण?"

"मित्र."

"मित्र तर सगळेच सांगतात," ती म्हणाली. "काय केलं ते सांगा."

मी तिला सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला कळेल एवढंच. ती लिहिताना अडली, मग पेन्सिल कानामागं ठेवून म्हणाली, "मग परत दिलं?" मी म्हटलं, द्यायला आलोय. तिनं तेही लिहिलं आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आजचे पाहुणे सुधीर सबनीस. ते खरवईला राहतात. ते कॉलेजात शिकवतात. त्यांनी आपल्या सरांचं नाव घेतलं होतं आणि पाच वर्षं दिलं नाही. आज ते परत आणलंय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिथं प्रत्येक परिचयानंतर वाजवतात, तशाच. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "कुठंय?"

मी उठलो. पाच वर्षं तोंडाशी येऊन थांबलेलं वाक्य मराठीतून म्हटलं : तो परिचय मोहन साळवे यांनी लिहिला होता, मी नाही.  मुलं एकमेकांकडं बघायला लागली. प्रज्ञा अजून फळ्यापाशीच उभी होती, वही छातीशी धरून.

"कुठला परिचय?" तिनं विचारलं.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी खुर्ची बाजूला सरकवली आणि उभ्या उभ्याच, पहिल्यापासून सांगायला लागलो.