सासूची म्हैस आणि माझा घटस्फोट

घटस्फोटाला किती दिवस लागतात, असं बायका मला अजूनही विचारतात. मी सांगते, कायद्यात लिहिलेत तेवढे, आणि वर माणसं लावतील तेवढे. मला चार वर्षं लागली आणि शेवटी सगळं एका म्हशीपाशी येऊन अडलं.

नवरा ट्रक चालवायचा. लग्नानंतर काही वर्षांनी त्याने नाशिककडे दुसरं बिऱ्हाड थाटलं. मी चाकणच्या अलीकडच्या त्याच्या गावातून निघाले आणि चिंचवडला भावाकडे आले. पिंपरीत औषधांचा कारखाना नवाच सुरू झाला होता. तिथे बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला लागले. दुसरं लग्न करायचं माझ्या मनात नव्हतं. मनात येईल तेव्हा कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून "चल घरी" म्हणून ओरडायचा त्याचा हक्क मला संपवायचा होता. दोनदा तो तसा आला होता. दुसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "बाई, हे पुन्हा झालं तर तुम्ही कामावर येऊ नका."

आमच्यात काडीमोडीची रीत होती. पंचांपुढे दोघांनी गवताची काडी मोडली की संपलं. सकाळी गेलेली माणसं दुपारी जेवायला घरी येत. पण काडी मोडायला दोघं लागतात, आणि हा पंचांपुढे यायला तयार नव्हता. म्हणून कोर्ट. घटस्फोटाचा कायदा नुकताच झाला होता. भावाच्या ओळखीचे एक वयस्क वकील पुण्यात होते, त्यांच्या टेबलावरचं कायद्याचं पुस्तकही नवंकोरं होतं. ते म्हणाले, "आधी वेगळं राहण्याचा हुकूम. मग दोन वर्षं एकत्र नांदायचं नाही. मग घटस्फोटाचा अर्ज."

पहिल्या हुकुमालाच वर्ष उलटलं. बेलीफ समन्स घेऊन गावात जायचा तेव्हा नवरा ट्रकवर असायचा. शेवटी समन्स दाराला चिकटवलं. मग मे महिन्याची सुट्टी आली. मग न्यायाधीश बदलून गेले आणि नव्यांनी सगळं पहिल्यापासून ऐकलं. यात मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं. कोर्टाचं काम असंच चालतं.

हुकूम हातात आला तेव्हा वकिलांनी बजावलं, "आता त्या घरात पाऊल टाकू नका. चार दिवस राहिलात आणि आम्ही पुन्हा नांदलो असं त्याने सांगितलं, तर दोन वर्षं नव्याने मोजावी लागतील."

दोन वर्षं संपत आली होती, तेव्हा सासू अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. तिला लेक नव्हती. उचलायला, पुसायला बाईमाणूस हवं होतं. वहिनी म्हणाली, "जाऊ नका हो. एवढे दिवस काढलेत." मी रजा टाकली आणि गेले. सासूने मला कधी उपाशी ठेवलं नव्हतं, आणि भांडण तिच्या मुलाशी होतं.

नवरा घरातच होता. पहिल्याच दिवशी सासू म्हणाली, "माझं कर. त्याचं काय करू नगं." शेजारी चुलत सासू राहायची, तिला हाक मारून तिने सांगितलं, "ही रातच्याला तुझ्याकडं निजंल. जेवंल बी तुझ्याकडं." कोर्टाचं तिला पटत नव्हतं, पण वकील काय म्हणाला ते तिने मला नीट विचारून घेतलं होतं.

शेवटच्या दिवसांत ती माझ्याविषयी बोलली नाही, मुलाविषयीही नाही. गोठ्यात तिची एक म्हैस होती. म्हातारी झालेली, भाकड. "पेंड घातली का? पाणी दावलं का?" एवढंच. आणि, "हा इकंल तिला. चाकणच्या बाजारात उभी करंल."

सासू गेली. दहाव्याला आळंदीला इंद्रायणीकाठी सगळे जमलो. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर दहा-बारा बसले होते, एकही खाली उतरेना. ऊन चढलं. लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले तशी कुजबुज सुरू झाली.

"सुनेत जीव अडकलाय म्हातारीचा."

"बाई, नांदायला येते म्हण. म्हणायला काय जातंय?"

"म्हण की गं! का आम्हाला इथंच बसवतीस संध्याकाळपातुर?"

नवरा माझ्याकडे बघून हसला. पन्नास माणसांदेखत मी ते वाक्य बोलले असते, तर त्यातली दहा कोर्टात सांगायला तयार होती. मी नवऱ्याला म्हणाले, "आईंचा जीव म्हशीत होता. म्हैस विकणार नाही म्हणा."

"म्हशीचं काय मधीच?"

चुलत सासू पुढे झाली. "म्हण मुकाट्यानं. रोज तिचंच काढत व्हती. मला ठावं हाय."

त्याने हात जोडले. "आई, म्हस इकनार न्हाई." थोड्या वेळाने एक कावळा उतरला. लोक मागे सरकले म्हणून उतरला असेल. त्यावर मी कधी वाद घातला नाही. सगळे जेवायला उठले आणि मी त्याच दिवशी चिंचवडला परतले.

मी अर्ज केला आणि व्हायचं तेच झालं. नवऱ्याने कोर्टात सांगितलं, ही माझ्या घरी येऊन राहिली, आम्ही नांदलो. साक्षीदार म्हणून त्याने चुलत सासूला आणलं. घरची बाई, वयाने मोठी. तिच्या शब्दाला वजन होतं. मला वाटलं, आता दोन वर्षं पुन्हा.

त्याच्या वकिलाने विचारलं, "आजी, ही बाई नवऱ्याच्या घरी राहायला आली होती ना?"

"सासूचं कराया आली व्हती."

"रात्री कुठे झोपायची?"

"माझ्याकडं. माझ्या वाकळंवर."

वकिलाने अशिलाकडे पाहिलं. "पण नवऱ्याला जेवायला तर हीच वाढत असेल?"

"म्या वाढत व्हते. आता न्हाई वाढत. म्हस इकली त्यानं."

"आजी, तो विषय नाही."

"कसा न्हाई? आळंदीत आईला शबुद दिला आन् महिन्याभरात बाजार दावला. आन् मला म्हनतो, चल काकी, कोर्टात माझ्या बाजूनं बोल!"

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीश म्हणाले, "विचारलंय तेवढंच सांगा." तेही हसत होते, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी मला विचारलं, "वकिलांनी मना केलं होतं, तरी का गेलात?"

मी म्हणाले, "सासूबाई आजारी होत्या. घटस्फोट मी त्यांच्याकडे मागितला नव्हता."

निकाल पुढच्या तारखेला लागला, माझ्या बाजूने. वर्षभर दुसरं लग्न करता येणार नाही, असं वकिलांनी सांगितलं. मी म्हणाले, चालेल. हुकुमाची नक्कल मिळायला आणखी चार खेपा झाल्या. ती मी साहेबांना दाखवली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला नवऱ्याचं वर्णन सांगून ठेवलं. त्यानंतर तो एकदाच आला. पहारेकऱ्याने त्याला विचारलं, "कोण हवंय? कोण लागता तुम्ही त्यांचे?" तो आला तसा परत गेला. मी आत लेबलं लावत होते. मला हे सुट्टी झाल्यावर कळलं.