देव काय भोरातच बसतो व्हय?

मित्रांनो, आज रविवार. आमच्या पासली गावात ख्रिस्ती घर माझं एकट्याचंच, म्हणून दर रविवारी मी एसटीने भोरला प्रार्थनेला जातो. पत्नी गेल्यापासून घरात मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. ‘आमेन’ म्हणायला ती नसते, मग शब्दच फुटत नाहीत.

आज एसटी आलीच नाही. दोन तास थांबून परतलो आणि ओट्यावर बसून राहिलो.

शेळ्या घेऊन निघालेल्या शेजारच्या सखूबाई थबकल्या. “दादा, आज भोरला न्हाई?”

“गाडी आली नाही.”

“मग देव काय भोरातच बसतो व्हय? करा हितंच. वैनी असताना तुमचा आवाज आमच्या घरात यायचा. आता लई सामसूम वाटतं.”

त्या पायरीवर बसल्याच. मी डोळे मिटले. मोठ्याने सुरुवात केली आणि प्रार्थना पुरी झाली.

“आमेन,” सखूबाई म्हणाल्या. “अन् माज्या गाभण शेळीचं सांगितलं का?”

सांगितलं नव्हतं. पुन्हा डोळे मिटले.

त्या गेल्या, घर परत रिकामं झालं. पण माझ्या गप्प बसण्याकडेही देवाने कुणाचं तरी लक्ष वेधलं होतं, हे आज कळलं.

तुमच्या शेजारी कुणाचा आवाज थांबलाय का?