विजयचे झटके गेले त्यानंतर

तीस वर्षं बुऱ्हाणपुरात बातमीदारी करतोय. छापलेलं लोक विसरतात, न छापलेलं ऑफिसात साचत जातं. त्यातलं निम्मं आमच्या ऑफिसातल्याच विजयचं. त्याला कॉलेजपासून मिरगी. पडायचा नाही, मिनिटभर एकटक बघायचा, ओठ चाटायचा. नंतर त्याला काही आठवायचं नाही.

*

एका पत्रकार परिषदेत नेते म्हणाले, "सहा महिन्यांत घरोघर नळ." नेमका तेव्हाच विजयला झटका आला. पहिल्या रांगेतून तो त्यांच्याकडे टक लावून ओठ चाटत राहिला.

नेते गडबडले. "बरं, वर्षभरात."

माझ्या तीस वर्षांच्या प्रश्नांनी एवढं खरं कोणाकडून काढलं नव्हतं.

*

राजपुरा मोहल्ल्यात भररस्त्यात विजयला झटका आला, तर एक शिकले-सवरलेले गृहस्थ चप्पल काढून धावले. हुंगवायला! मी ती हिसकावून त्यांच्याच नाकाशी धरली. "कसं वाटतंय?"

आमची बोलचाल अजून बंद आहे. मला घाई नाही.

*

औषधं बदलून बदलून थकल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. कानशिलाच्या आत, मेंदूच्या ज्या भागातून झटके सुरू होतात तेवढाच काढायचा.

"झटके जातील याची गॅरंटी?" विजयनं विचारलं.

"गॅरंटी नाही, चान्स चांगला आहे. नंतर नावं आठवायला थोडा त्रास होऊ शकतो."

"आमच्या नेत्यांची असतील तर सगळीच काढा."

*

ऑपरेशननंतर झटका आला नाही. पण आमच्या डोक्यातून तो जाईना. विजय जरा गप्प बसला की चौघं खुर्च्या सोडून धावायचे. एक दिवस तो वैतागला.

"भैया, विचार करतोय मी. या ऑफिसात कोणी करत नाही, म्हणून ओळखू येत नाही तुम्हाला."

*

ऑपरेशनला वर्ष झालं, त्या आठवड्यात सकाळी त्याच्या घरी गेलो. आत झटका आला तर दार तोडावं लागू नये, म्हणून त्याच्या आईनं बाथरूमची आतली कडी फार पूर्वीच काढून टाकली होती. आज दार बंद आणि त्या बाहेर स्टुलावर.

"नवी कडी बसवली," त्या म्हणाल्या. "डॉक्टर हो म्हणाले. आतून लावून घेतली त्यानं."

"मग ताई, तुम्ही इथं का?"

"अशीच बसले."

आत बादली वाजली. पाणी पडलं. मग विजय मोठ्यानं गायला लागला. आम्ही दोघं एक अख्खं कडवं ऐकत राहिलो.

"किती बेसूर गातो, नाही?" त्या म्हणाल्या, आणि उठून चहा ठेवायला गेल्या.