बॉनेटवरून आलेली काच

धुळ्याच्या आमच्या लॅबमध्ये माणसापेक्षा मशीनचा मान मोठा. मशीनला एसी, मशीनला दसऱ्याचा झेंडूचा हार, आणि एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर मान मोडलेल्या प्रेमराजभाऊंना जिन्याखालची खोली. डॉक्टरसाहेब पाहुण्यांना मशीन दाखवायचे आणि खोलीकडे बोट करून म्हणायचे, "ती जुनी पद्धत." भाऊ आतून ऐकवायचे, "मशीन मोजतं. ओळखायला डोकं लागतं, ते मशीनसोबत येत नाही."

भाऊ तिरसटच. मी तिथली टेक्निशियन; माझ्या काचपट्टीवर रक्ताचा थर जाड झाला की म्हणायचे, "हेमांगी, काच केलीस की भाकरी थापलीस?"

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पिंपळनेरच्या उषाच्या रक्ताच्या काचा आल्या. वय सव्वीस, ताप, हिरड्यांतून रक्त. पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त कच्च्या. रक्ताचा कॅन्सर स्पष्टच होता. प्रश्न होता तो कोणत्या जातीचा, मायलॉइड की लिम्फॉइड. कच्च्या पेशी दिसायला सारख्याच, औषधं मात्र वेगळी. त्यासाठी एक खास रंग असतो. मायलॉइड पेशीत एक एन्झाइम असतं, त्यानं ती तपकिरी होते. लिम्फॉइड कोरी राहते. मी रंग दिला, सगळ्या कोऱ्या. साहेब लग्नाला निघाले होते. दारातूनच म्हणाले, "लिम्फॉइड. टाइप कर." मी केलं. सोमवारी उषा नाशिकला दाखल होणार आणि त्याच कागदावर औषध सुरू होणार होतं.

शनिवारी काचा ठेवून देताना भाऊंनी त्यातली एक सहज पाहिली.

"कच्च्या सोड. यातल्या चांगल्या न्यूट्रोफिल बघ."

त्याही कोऱ्या होत्या. न्यूट्रोफिल म्हणजे पिकलेली पांढरी पेशी; निरोगी असेल तर ती या रंगात तपकिरी व्हायलाच हवी. ती झाली नाही म्हणजे चाचणीच फसली.

भाऊंनी पिंपळनेरला रक्त घेणाऱ्या वनाला फोन लावला. वना अभिमानानं म्हणाला, "फुटू नये म्हनीसन बिस्किटना डबामा घाल्यात, भाऊ. ड्रायव्हरनी सोताजोडे बॉनेटवर ठेवात." म्हणजे मे महिन्यात तीन तास ड्रायव्हरशेजारी, एसटीच्या इंजिनाच्या उरावर. एन्झाइम वाटेतच मेलं होतं.

"तेवढा वेळ बॉनेटवर ठेवलं तर आपले साहेबही निगेटिव्ह येतील," भाऊ म्हणाले.

साहेब फोनवर वैतागले. "मुंबईलाही नमुना पाठवलाय, त्या तपासणीत कळेलच ना!"

"ती दहा दिवसांनी. औषध परवा."

रविवारी पहिल्या एसटीनं भाऊ मला घेऊन पिंपळनेरला गेले. उषा खाटेवर पडून होती, तोंडाशी रक्ताळलेला रुमाल. तिची आई बुधीबाई दारातच आडवी आली. "परवा ते रगत लिधं ना! आते आखो कसाले?"

जगाला टोमणे मारणारा तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "मनी चूक व्हयनी, अक्का."

ती चूक त्यांची नव्हती. कोऱ्या न्यूट्रोफिल शुक्रवारी मीही पाहिल्या होत्या. साहेबांची घाई बघून गप्प बसले होते. तिथंही चूक भाऊंना अंगावर घेऊ दिली आणि काचांचा डबा धरून उभी राहिले.

मग भाऊंनी उषाचं पुन्हा रक्त घेऊन काचा केल्या, सावलीत वाळवल्या, तिथंच रसायनात बुडवून पक्क्या केल्या आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर धरून आणल्या. संध्याकाळी रंग दिला. न्यूट्रोफिल तपकिरी झाल्या आणि कच्च्या पेशीही. उषाचा आजार मायलॉइड निघाला. भाऊंनी त्याच मिनिटाला नाशिकला फोन करून पहिला कागद रद्द करायला लावला.

सोमवारी साहेब काच बघून खुलले. "बघा, ही आपल्या लॅबची क्वालिटी!" मला शिसारी आली, त्यांची आणि त्याहून जास्त माझी.

"साहेब, शुक्रवारीच मला कळलं होतं," मी म्हणाले. "मी बोलले नाही. नव्या रिपोर्टवर 'आधीचा चुकीचा होता' असं लिहा. बुधीबाईलाही कळवा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "वेडी आहेस का? त्या बाईला वाचता तरी येतं का?" आणि ती ओळ न लिहिताच नव्या रिपोर्टवर सही केली.