हिराबाईच्या चिठ्ठीतली अक्षरे

अलिबाग, मार्गशीर्ष वद्य पंचमी

मित्रहो, आपण सारे आळीपाळीने लिहितो ती फिरती वही चार महिने माझ्याकडेच पडून राहिली, क्षमा करा. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

सकाळी कोळीवाड्यातली हिराबाई मुंबईच्या इस्पितळातली चिठ्ठी घेऊन आली. इंग्रजी कागद आला की इथे तो शाळेच्या मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडेच येतो. तिच्या छातीत गाठ आहे. चिठ्ठीत डॉक्टर लोक आपसांत वापरतात तसली तुटक अक्षरे होती. आधी 'सी. ए.', मग काखेतल्या ग्रंथींपुढे अधिकचे चिन्ह आणि शेवटी 'इनॉप.' माझ्या पत्नीच्या कागदावरही हीच होती, म्हणून अर्थ ठाऊक होता. कर्करोग, पसरलेला, शस्त्रक्रिया होणे नाही.

"मास्तर, पोरांना छड्या मारता नि तुम्हालाच वाचाया येवढा येळ लागतो?" ती हसली.

मी म्हणालो, "काखेतही गाठी आहेत. विश्रांती घ्या."

"मंग लेकीचं लगीन माघात नको. पुढल्या साली करू, मी बरी झाल्यावर. मना नाचायचं हाय."

मी नुसती मान डोलावली. ती समाधानाने गेली.

तेव्हा वाटले, आपण दया केली. खरे तर तिचे रडणे मला पाहवले नसते, एवढेच. पत्नीपासूनही मी असेच लपवले, आणि तिचे एकदा माहेरी जाऊन येणे राहून गेले. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय वाचून दाखवले असते?

उद्याचे काम: हिराबाईच्या घरी जाऊन सगळी चिठ्ठी वाचणे आणि लग्न माघातच करा म्हणून सांगणे.