लिंडाची पत्रं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं त्या कुंदाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. पण सुरुवात केलीच आहे, तर होऊन जाऊ दे.

आणीबाणी उठली त्या वर्षी बाबा धानावरच्या रोगांचा अभ्यास करायला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गेले, आणि त्यांच्यामागोमाग पवनीहून आम्हीही — आई नि मी. मी दहा वर्षांची. बिऱ्हाड घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथे आवारातच दुमजली घरांची रांग होती. मध्ये हिरवळ, झोके, तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रांची खोली. आणि पोरं! देशोदेशीची पोरं! थंडीत ती त्या गरम यंत्रांवर चढून बसायची, पाय हलवत, चॉकलेटं वाटून खात. बर्फ पडला की मेसमधले ट्रे पळवायची आणि त्यांवर बसून टेकडीवरून सूं करत खाली. मी हे सगळं वरच्या खिडकीतून बघायची. कुणी मला त्रास दिला असं नाही. मला इंग्रजी येत नव्हतं, एवढंच — आणि सहा महिन्यांनी यायला लागलं, तेव्हा बोलायचा धीर होत नव्हता.

आसगावला माझी मामेबहीण कुंदा. माझ्याहून वर्षाने मोठी, माझ्या जिवाची. तिनं पत्रात विचारलं, “तिकडं तुया मैत्रिणी कोन कोन हायेत?”

काय लिहिणार? खिडकी, असं लिहू? मी लिहिलं — लिंडा. लिंडा खोटी नव्हती. समोरच्या घरात राहायची, लाल सायकल फिरवायची. मी फक्त तिच्या कॅरिअरवर स्वतःला बसवलं. मग ट्रेवर बसवलं. मग वाढदिवसाला बोलावणं आलं, मी केक कापायला मदत केली — आणि सांगू का, कधी एकदा शाळेतून येते आणि कागद घेते असं व्हायचं.

पुढच्या पाकिटात एक घडी वेगळी होती. “लिंडाले देजो.” कुंदानं लिंडाला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं. चार ओळी. नाव, गाव, घरामागं तलाव आहे, आमची म्हैस चांगली आहे. गुरुजींना विचारून विचारून लिहिलेलं.

मी उत्तर दिलं. डाव्या हातानं, म्हणजे अक्षर वेगळं दिसावं. लिंडाला तुझी म्हैस फार आवडली, असं कळवलं. वर्षभर हे चाललं. चार ओळींचं पान झालं, पानाची दोन झाली. कुंदाचं इंग्रजी — खरंच सांगते — माझ्याइतकंच चांगलं व्हायला लागलं होतं. लिंडाचं पत्र आलं की गुरुजी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचे. हे ती मला दर वेळी कळवायची. म्हणजे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा — मला ठाऊक होतं.

आणि मग दुसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, दार वाजलं. बाहेर लिंडा. खरी! हातात दोन ट्रे. म्हणाली, चल. मोजे न घालताच बूट चढवून मी धावले. काय तो दिवस! तोंडात बर्फ, कानात वारा, आणि सगळी पोरं माझ्या नावानं ओरडताहेत — चुकीचं नाव, पण माझंच. त्या दिवसानंतर मला वेळ म्हणून उरला नाही. यंत्रांवर मी, सायकलवर मी, वाढदिवसांना मी.

कुंदाची पत्रं मात्र येतच होती. दोन-दोन पानं. आता मला ती जड झाली. आणि भीती — तिनं एखादं पत्र सरळ लिंडाच्या पत्त्यावर टाकलं तर? या पोरींना कळलं तर?

लिंडा गाव सोडून गेली, असं लिहिता आलं असतं. सुचलंही होतं. पण त्या दिवशी बाहेर मला हाका मारत होत्या, मी घाईत होते, आणि कुंदाचा रागच आला होता. मी डाव्या हातानं लिहिलं — तुझं इंग्रजी वाचून आम्ही सगळ्या हसतो, यापुढे लिहू नकोस. पाकीट पेटीत टाकलं आणि पळाले खेळायला.

गुरुजींनी तेही पत्र वर्गात वाचलं. नेहमीसारखं, मोठ्यानं.

हे मला परत आल्यावर पवनीच्या बसस्टँडवर कुंदानंच सांगितलं. रडली नाही. एवढंच विचारलं, “लिंडा अजून नाराज हाये का माह्यावर?” मी म्हटलं, विसरली असेल. तिनं इंग्रजीत लक्ष घालणं सोडलं होतं. नववीत त्याच विषयात नापास झाली आणि मामांनी तिची शाळा बंद केली.

पुढं ती लग्न होऊन साकोलीला गेली. एकदा मी तिच्याकडं गेले होते. तिची नणंद शीला दहावीचं पुस्तक घेऊन आली. “वयनी, तुमाले इंग्रजी येत होतं म्हने?”

कुंदा भाजी निवडत हसली. “मले काय येते! अमेरिकेतल्या पोरीनं लिवलं होतं, तुयं इंग्रजी वाचून आमी हसतो म्हून.” मग माझ्याकडं वळली. “खरं हाये ना गं? तुयीच मैत्रीण होती.”

मी म्हटलं, “हो.”

तेव्हा मी अकरा वर्षांची नव्हते. बावीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो.